पडायची तालीम

टिल्लूला हे नाव मिळालं तेव्हा तो टिचभर होता. आता दारातून आत येताना त्याला खांदे तिरके करावे लागतात, पण नाव टिल्लूच राहिलं. लहानपणी एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, याची बुद्धी पाच वर्षांच्या पोराएवढीच राहणार. त्याच्या बहिणीला हे कधी पटलं नाही. पाच वर्षांचं पोर समोरच्याचा चेहरा बघून आपला हट्ट गिळत नाही. टिल्लू गिळायचा.

बहीण म्हणजे ताई. त्याच्याहून मोठी, आणि आता सगळ्यांचीच ताई. आई गेल्यावर टिल्लू हिच्या गळ्यात पडला, असं नातेवाईक हळहळून म्हणायचे, आणि म्हणून झालं की आपापल्या घरी जायचे. ताई चष्म्याच्या दुकानात काम करायची. मागच्या खोलीत बसून काचांच्या कडा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, पुसून पुढे द्यायच्या. मालक कटकट्या, पण आतून मऊ. सकाळी टिल्लूला केंद्रात सोडायचं, दिवसभर काचा घासायच्या, संध्याकाळी त्याला घेऊन घर गाठायचं. हे सगळं एकाच खुंटीवर टांगलेलं होतं: केंद्र टिल्लूला दिवसभर ठेवून घेत होतं.

केंद्र म्हणजे एक लांबलचक हॉल, दोन खोल्या आणि मागे कुंड्यांचं अंगण. ज्यांना जगाच्या वेगानं शिकता येत नाही अशी मोठी माणसं तिथे येत. कुणी पाकिटं चिकटवी, कुणी कुंड्यांना पाणी घाली, आणि सगळ्यांना व्यायामाचे सर हलवून सोडत. दुपारी उन्हं उतरली की सर एक लांब दोरी काढायचे. दोरी धरून सगळ्यांनी रांगेनं आजूबाजूच्या रस्त्यांवरून फेरी मारायची. पुढे सर, आणि दोरीचं शेवटचं टोक टिल्लूच्या हातात. मधलं कुणी रेंगाळलं, कुणी दुकानाच्या काचेला नाक लावून उभं राहिलं, की टिल्लू त्याला हळूच पुढे घ्यायचा. सर त्याला गार्डसाहेब म्हणायचे. ही फेरी चष्म्याच्या दुकानावरून जायची. टिल्लू एका हातानं दोरी सांभाळत दुसरा हात उंच करायचा आणि ताई मागच्या खोलीच्या उघड्या दारातून मान हलवायची. कामात असली की तेवढंही नाही.

मग केंद्रात पालकांची सभा झाली. सरांनी सांगितलं, या वर्षी सगळ्यांचं सर्वांगीण मूल्यमापन होणार आहे. एक फिजिओ मॅडम येणार. ताकद बघणार, तोल बघणार, दम किती टिकतो ते बघणार. त्याबरोबर डोळे, कान, झोप, कुणाला काय आवडतं, कुणाचं कुणाशी जमतं, हेही विचारणार. सर बरंच बोलले. ताई उशिरा आली होती आणि मागे उभी होती. मालकाचे दोन फोन येऊन गेले होते. तिच्या कानात मूल्यमापन हा एक शब्द शिरला आणि त्यानं बाकीच्या शब्दांना वाट दिली नाही.

"परीक्षा आहे ही, दुसरं काय," पायऱ्या उतरता उतरता जुळ्यांची आई म्हणाली. तिचे दोन्ही मुलगे केंद्रात होते आणि दोघंही एकाच वेळी शिंकायचे. "आमच्या आधीच्या केंद्रात असंच गोड बोलून केलं होतं. माझ्या पोरांनी टणाटण उड्या मारल्या. झालं! म्हणाले, मुलं आता चांगली तयार झाली, त्यांना अर्ध्या दिवसाच्या वर्गात घालू. दुपारी जेवायला घरी! नोकरी सोडली मी, ती आजतागायत सोडलेलीच."

"म्हणजे चांगलं केलं की काढतात?"

"चांगलं केलं की काढतात. ऐकलंयस कुठे असं?"

जुळ्यांच्या आईनं यात खोटं काही सांगितलं नव्हतं. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, त्याचं चुकत नाही. पण दुसऱ्याचं तोंड पोळलं म्हणून आपण का फुंकत बसावं? सर दहा पावलांवर खुर्च्या आवरत होते. ताईनं एकदा विचारलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. तिनं विचारलं नाही. विचारलं आणि सर "हो" म्हणाले तर? त्यापेक्षा न विचारता घाबरणं तिला सोपं वाटलं. माणसं असंच करतात आणि मग दैवाला बोल लावतात.

त्या संध्याकाळी ताईनं टेबल भिंतीला सरकवलं, जमिनीवर सुतळी सरळ अंथरली आणि शेजारी गादी टाकली.

"टिल्लू, यावर चाल."

टिल्लू चालला. सरळ, सावकाश, टाचेला चवडा लावून, सरांनी शिकवलं होतं तसा. नको इतका छान चालला.

"असं नाही. इथं मध्ये आलास ना, की डगमगायचं. आणि पडायचं. गादीवर."

"का?"

"गंमत."

गंमत म्हटल्यावर टिल्लूला आणखी काही लागत नसे. तो तोडलेल्या झाडासारखा आडवा झाला. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी काठीनं छत ठोकलं. ताईनं त्याचं डोकं चाचपलं. "असं नाही रे बाबा, लागेल. आधी गुडघे वाकव. मग बसकण मार. मग कलंड." तिनं स्वतः पडून दाखवलं. टिल्लू हसून हसून लोळला. मग त्यानं केलं, आणि बरोबर केलं. ताईनं टाळ्या वाजवल्या.

तिथे घोळ झाला. टिल्लूसाठी घरात कुणी कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. नीट चालतो, हातानं जेवतो, ताट धुऊन ठेवतो, यासाठी कोण टाळ्या वाजवतं? आता नुसतं पडलं की टाळ्या. एका पायावर उभं राहताना पड, टाळ्या. पाटावर चढताना पड, टाळ्या. तो रोज संध्याकाळी स्वतःच टेबल सरकवू लागला. आपण करतोय ते बरं नाही, हे ताईला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण कळणं एकीकडे आणि नोकरी दुसरीकडे. अशा वेळी माणूस स्वतःशी वकिलासारखं बोलतो: त्याच्याच भल्यासाठी आहे, घर चाललं पाहिजे, पडतो तर गादीवर, लागतंय कुठं.

मूल्यमापनाच्या दिवशी ताईनं मालकाकडून अर्धी सुट्टी मागून घेतली. फिजिओ मॅडम वयानं लहान, पायात कॅनव्हासचे बूट, केस घट्ट बांधलेले. ती टिल्लूसमोर येऊन म्हणाली, "नमस्कार टिल्लूदादा. तुम्ही तयार आहात का?"

टिल्लूनं मागे वळून पाहिलं, हे दादा कोण आले म्हणून. मागे भिंत होती. मग त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं शर्ट खाली ओढून सरळ केला. ताईच्या डोक्यात उगाचच आलं, आपण याला कधी दादा म्हटलं नाही.

आधी मूठ दाबायचं यंत्र दिलं. याची तालीम झाली नव्हती. टिल्लूनं असं दाबलं की काटा शेवटाला जाऊन टेकला. सर म्हणाले, "मॅडम, यंत्र दमलं." चेंडू फेकायला दिला तर तो भिंतीवर आदळून सरांच्या मागे गेला. खुर्चीतून उठबस इतकी केली की थांबवावी लागली. ताई भिंतीशी बसून हाताची बोटं मोडत होती. संपलं, काढला याला अर्ध्या दिवसाला, असं तिला वाटत होतं.

मग जमिनीवरची पिवळी पट्टी आली. टिल्लू निघाला. मध्यावर येईपर्यंत सरळ आला. तिथे थांबून त्यानं ताईकडे पाहिलं, गुडघे वाकवले, बसकण मारली आणि कलंडला.

"ताई, पडलो!"

मग एका पायावर पडला. पायरीवर पडला. पाणी प्यायला उभा होता तिथेही पडला, ते तर कुणी सांगितलंही नव्हतं. प्रत्येक वेळी मान वळवून ताईकडे बघायचा. त्याचा चेहरा असा उजळलेला की कुणालाही संशय यावा. पण लोकांना लबाडीचा संशय लबाड माणसाबद्दल येतो. टिल्लूबद्दल कुणाला येणार?

"अहो, हा माझा गार्ड आहे," सर म्हणाले. "परवापर्यंत रस्त्याच्या कडेवरून नीट चालत होता."

फिजिओ मॅडमचा चेहरा उतरला होता. तिनं ताईजवळ बसून हळू आवाजात विचारलं, "घरी पडतात का?"

"हो," ताई म्हणाली. "अलीकडे रोजच." यात एक अक्षर खोटं नव्हतं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

"ताई, घाबरू नका, पण हे हलक्यात घ्यायचं नाही. यांना काय दुखतंय ते सांगता येतंच असं नाही, आणि मग लोक म्हणतात, तो तसाच आहे. तोल असा एकदम गेला तर कारण शोधायलाच हवं. डोळे बघू, कान बघू, रक्त तपासू. तोवर दोरीच्या फेरीला नको. रस्त्यावर पडले तर? आणि डोक्याला हे घालायचं." तिनं कपाटातून फोमचं निळं शिरस्त्राण काढलं, हनुवटीखाली पट्टा असलेलं.

ताईनं ओठांवरून जीभ फिरवली. "आणि... त्याची जागा? पूर्ण दिवसाची?"

"जागेचा काय संबंध?" फिजिओ मॅडमला खरंच कळलं नाही. "कुणाला काढायला नाही आलो आपण. काय झेपतं, काय आवडतं, कशानं दिवस बरा जाईल, ते बघतोय. त्यांची ताकद बघून मी तर सरांना म्हणणार होते, सकाळच्या व्यायामाला टिल्लूदादांना पुढे उभं करा, बाकीचे त्यांचं बघून करतील. असो. आधी तपासण्या."

तोंड उघडायची वेळ हीच होती. तेव्हा बोलली असती तर थोडी लाज, थोडी बोलणी, आणि विषय मिटला असता. पण सर समोर उभे होते, आणि सरांच्या डोळ्यांत काळजी होती, खरीखुरी, घरच्या माणसाची असावी तशी. त्या डोळ्यांना कसं सांगायचं? ताई नुसती "बरं" म्हणाली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक उगाच म्हणत नाहीत. पण धरणीला दुसरी कामं असतात.

टिल्लूच्या डोक्यावर शिरस्त्राण चढलं. त्यानं दोन्ही हातांनी ते चाचपलं आणि विचारलं, "बक्षीस?"

सर पट्टा नीट करत राहिले. तो मात्र घरी जाताना रस्त्यात भेटेल त्याला डोकं पुढे करून दाखवत होता. "बक्षीस मिळालं. पडलो म्हणून." लोक बिचारे मान हलवत होते. ताई जमिनीकडे बघत चालत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोरी दुकानावरून गेली. शेवटच्या टोकाला जुळ्यांपैकी एक जण होता. तो दोरी सोडून काचेला नाक लावून उभा राहिला आणि सरांना मागे धावत यावं लागलं. टिल्लू तेव्हा केंद्रात खुर्चीवर बसून हात वरखाली करत असणार, म्हाताऱ्यांना सांगतात तसं. ताईच्या हातातली काच कडेला तडकली. मालक म्हणाला, "लक्ष कुठाय?" तिनं दुसरी काच घेतली. खाई त्याला खवखवे.

डोळे तपासायला टिल्लूला आपल्याच दुकानात आणणं तिला भाग पडलं. दुसरीकडे नेलं असतं तर मालक रागावला असता. मालकानं स्वतः तपासलं. अक्षरांऐवजी चित्रं दाखवली. टिल्लूनं सगळ्यात खालच्या ओळीतला बारीक मासाही ओळखला. "याची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे," मालक म्हणाला. "मग पडतो कशानं?"

ताई काउंटरला धरून उभी होती. तिचा चेहरा पडलेला होता, आणि टिल्लूनं तो पाहिला. ताईचा चेहरा पडला की काय करायचं, हे आता त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं गुडघे वाकवले, बसकण मारली आणि कलंडला. फक्त या वेळी शेजारी गादी नव्हती, फ्रेमचा फिरता स्टँड होता. स्टँड आडवा झाला, फ्रेमा दुकानभर पसरल्या, एक गिऱ्हाईक बाई किंचाळली. टिल्लू पसाऱ्यात बसून वर बघत होता. कोपराला खरचटून रक्त आलं होतं.

"ताई, हस ना," तो म्हणाला.

मालकानं स्टँड उचलला. रोज काचेवरच्या बोटाच्या ठशावरून तोंड सोडणारा हा माणूस, पण त्या दिवशी त्यानं रागाचा शब्द काढला नाही. वर म्हणाला, "फार सोसतेस गं बाई. लागेल तेवढी सुट्टी घे. तुझी जागा कुठे जात नाही." ताईला त्यानं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ज्या नोकरीसाठी हा सगळा खेळ मांडला, ती तर कुठेच जात नव्हती. जमिनीवर वाकून फ्रेमा गोळा करताना तिनं मान वर केली नाही. गिऱ्हाईक बाईही वाकून मदत करू लागली आणि म्हणाली, "देव तुम्हाला बळ देवो." मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते ताईला त्या दिवशी कळलं.

तरीही ती बोलली नाही. उद्या सांगू, असं मनाशी म्हणाली. आणि उद्या रक्ताची तपासणी होती.

टिल्लूला सुईची भीती लहानपणापासून. दवाखान्याचा वास आला तशी त्यानं ताईची बाही धरली. नर्सबाईनं दंडाला पट्टा बांधला, हात थोपटला, गोड बोलली. सुई दिसली आणि टिल्लूनं हात ओढून घेतला. "ताई, नको. ताई." नर्सबाई म्हणाली, "धरा हो त्यांना, हलले तर दोनदा टोचावं लागेल." ताईनं त्याचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. तो सोडवायच्या नादात घामानं निथळला. मग त्याला एकदम काहीतरी सुचलं.

"पडतो," तो म्हणाला. "ताई, पडतो मी. छान पडतो. सुई नको. बघ, पडतो." आणि खुर्चीत बसल्या बसल्या तो कलंडायला लागला.

सुई टोचून झाली. रक्त घेतलं गेलं. ताईनं त्याचा हात सोडला तेव्हा त्याच्या मनगटावर तिच्या बोटांचे वळ उठले होते. जिन्याखाली येऊन तिनं भिंतीला डोकं टेकलं आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून रडली. टिल्लू शेजारी उभा राहून तिची पाठ थोपटत होता. तेही तिला सहन होईना.

तिथून ती घरी गेलीच नाही, तडक केंद्रात आली. फिजिओ मॅडम आणि सर हॉलमध्ये चटया घड्या करत होते. टिल्लूला बाकावर बसवून ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"तो आजारी नाही," ती म्हणाली. "पडायला मी शिकवलं. घरी तालीम घेतली. मला वाटलं, चांगलं केलं तर अर्ध्या दिवसावर काढाल."

सर आधी हसले. काहीतरी थट्टा असेल असं त्यांना वाटलं. मग हसू ओठांवरच वाळलं. "ताई, मी इथंच असतो की हो रोज. एकदा विचारायचं."

"घाबरले."

"मला?"

सरांनी हातातली चटई उलगडली आणि पुन्हा घडी घातली. त्यांना राग आला होता, आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. फिजिओ मॅडम टिल्लूच्या हातावरच्या कापसाकडे बघत होती. "म्हणजे ही सुई मी फुकट टोचायला लावली," ती म्हणाली. मग ताईकडे वळली. आवाज चढवला नाही, पण त्यात गोडवाही नव्हता. "आम्हाला सांगितलंत, बरं केलंत. पण पडतात टिल्लूदादा. सांगायचं त्यांना."

"त्याला काय कळणार आहे?" हे ताईच्या तोंडून निघून गेलं, आणि निघताक्षणी तिनं ओठ चावला.

फिजिओ मॅडमनं फक्त बाकाकडे हात केला.

ताई टिल्लूसमोर जमिनीवर बसली. आयुष्यभर ती त्याच्याशी वरून खाली बोलली होती, तो तिच्याहून उंच झाल्यावरसुद्धा. आज तिला मान वर करावी लागली.

"टिल्लू, मी तुला पडायला शिकवलं ना? ते चुकलं माझं. तू चांगला चालतोस. मी तुला खोटं खोटं पडायला लावलं."

टिल्लूनं विचार केला. "मी चांगला पडलो."

"हो. पण पडायचं नव्हतं. ते बक्षीस नाही डोक्यावर. तू पडतोस म्हणून घातलंय."

"तू टाळ्या वाजवल्या."

"वाजवल्या."

"टाळ्या पण खोट्या?"

ताईला वाटलं, सांगावं की नाही रे राजा, टाळ्या खऱ्या होत्या. तेवढं एक खोटं तर चालेल ना. तोंडाशी आलेलं तिनं मागे लोटलं.

"हो," ती म्हणाली. "टाळ्या पण खोट्या."

तो चिडेल, असं तिला वाटलं. चिडला की तो ताट सरकवायचा, भिंतीवर हात मारायचा. किंवा रडेल, मग जवळ घेता येईल. तिच्या मनात खरं तर तेच होतं. तो रडावा आणि तिनं जवळ घ्यावं, म्हणजे सगळं नेहमीसारखं होईल. टिल्लू रडला नाही. हनुवटीखालचा पट्टा त्याला सुटेना. सर पुढे झाले, पण त्यानं मान हलवून त्यांना थांबवलं. बऱ्याच खटपटीनं पट्टा सुटला. निळं शिरस्त्राण त्यानं बाकावर उलटं ठेवलं, उठला आणि पिवळ्या पट्टीवर जाऊन उभा राहिला.

तो चालला. टाचेला चवडा लावून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्यावर थांबला नाही आणि एकदाही मान वळवली नाही. हॉलमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सरांनी नाक ओढलं एवढंच. मग तो एका पायावर उभा राहिला, मग दुसऱ्या, आणि फिजिओ मॅडमला "बास, बास" म्हणावं लागलं.

"छान झालं टिल्लूदादा. आता एकच भाग राहिला," ती म्हणाली. "गप्पांचा. तुम्हाला काय आवडतं, काय नाही, कुणाबरोबर बरं वाटतं, काय शिकायचंय, असं विचारणार आहे मी. मागच्या वेळी या तोलाच्या भानगडीत राहून गेलं."

ताईनं सवयीनं खुर्ची ओढली. अशा वेळी टिल्लूशेजारी तीच बसायची. डॉक्टरांनी त्याला विचारलं, काय दुखतं, तर तीच सांगायची. काय आवडतं विचारलं, तरी तीच. खुर्ची अर्धी ओढून झाली तेव्हा फिजिओ मॅडम म्हणाली, "टिल्लूदादा, तुमच्याबरोबर कुणी बसलेलं हवंय का? कोण, ते तुम्ही सांगा."

असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्यानं वेळ घेतला. आधी सरांकडे पाहिलं, मग ताईकडे. तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"सर," तो म्हणाला.

"आणि ताई?"

"ताई नको."

"का बरं?"

"ताई घाबरते," टिल्लू म्हणाला. त्यात राग नव्हता. ताईला दूध पचत नाही, असं पाहुण्यांना सांगताना त्याचा आवाज असाच असायचा.

ताईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सर पायांकडे बघत होते. तिनं खुर्ची होती तिथे नेऊन ठेवली, पिशवी उचलली आणि बाहेर आली. तिच्यामागे दार लागलं. आतून फिजिओ मॅडमचा आवाज आला, मग टिल्लूचा. काय बोलला ते कळलं नाही, पण बराच वेळ तोच बोलत होता. एवढं बोलण्यासारखं त्याच्याकडे आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

बाहेरच्या बाकावर जुळ्यांची आई मुलांना न्यायला आली होती. ती सरकून बसली.

"काय गं, तू बाहेर कशी? आत घरचं माणूस लागतं ना?"

"मला बाहेर बसायला सांगितलं."

"कुणी? त्या मॅडमनं?"

ताईनं बंद दाराकडे पाहिलं.

"टिल्लूनं," ती म्हणाली.